सरांनी दिलेलं नाम

लेक : राग मानू नका काका, पण तुम्ही आता रोज यायचं थांबवा. बाबा तुम्हाला ओळखत नाहीत. परवा तुम्ही गेल्यावर मला विचारत होते, तो कपडे द्यायला आलेला माणूस गेला का म्हणून.

टेलर : तसं ते चुकीचं नाही. एकोणीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलो तो त्यांचा कोट द्यायलाच. अस्तर बदलायला टाकला होता.

लेक : काकू होत्या तेव्हा?

टेलर : नुकतीच गेली होती. मूलबाळ नाही. दिवसभर मशीनचा आवाज, ते बंद केलं की काहीच नाही. कोट देऊन निघालो तर सर म्हणाले, बसा. काही विचारलं नाही. छापखान्यातली प्रुफं घरी आणलेली, ती तपासत राहिले. तासाभरानं मीच रडायला लागलो. त्यानंतर महिनाभर येत होतो, तेव्हा कुठं नाम दिलं त्यांनी.

लेक : मला नाही दिलं.

टेलर : तुला?

लेक : माणसं या खोलीत यायची, बाबांपाशी बसून हलकी होऊन जायची. मी आत अभ्यास करायचे. एकदा मागितलं, तर म्हणाले, तुला बाप एकच आहे, तो बापच राहू दे. आता तर तोही राहिला नाही. सकाळी मला नर्सबाई म्हणाले.

टेलर : मला तर एकदा हाकललंच होतं. मी त्यांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून दुकानात लावला. रोज हार घालायचो. सर पॅन्ट आखूड करायला आले आणि बघितलं. फोटो उतरवायला लावला. म्हणाले, मी छापखान्यात चुका काढणारा माणूस, मला कसला हार. माझ्याकडेच बघत बसलास तर ज्याच्याकडे बघायचं ते राहून जाईल. महिनाभर येऊ नकोस.

लेक : आणि तुम्ही नाही आलात?

टेलर : नाही. चिडलो होतो. सोडूनच द्यायचं ठरवलं होतं. पण त्या महिन्यात घरी एकटा बसून नाम घेतलं ना, तेव्हा पहिल्यांदा ते आतून आलं. तोवर मी सरांना ऐकवायला म्हणत होतो.

लेक : आज काय झालं ते तरी सांगा. मी औषधं घेऊन आले, तर तुम्ही दोघं दारापाशी फरशीवर.

टेलर : तू गेलीस आणि ते झोपेतून उठले. घाबरले होते. मला घरी जायचंय म्हणायला लागले, तू बाहेरून कुलूप लावलेलं दार ओढत होते. मी माझं नाव सांगितलं, तुझं सांगितलं, हे घर तुमचंच म्हटलं. माझा हात झटकला त्यांनी. मग खाली बसलो आणि नाम घ्यायला लागलो. खरं सांगू, त्यांच्यासाठी नाही. मलाच भीती वाटली होती.

लेक : मग?

टेलर : बऱ्याच वेळानं तेही बसले. ओठ हलायला लागले. पण नवीनच काहीतरी शिकतायत असं माझ्या तोंडाकडे बघत होते. मग विचारलं, चांगलं आहे हे, कुणी शिकवलं तुम्हाला?

लेक : काय सांगितलंत?

टेलर : छापखान्यात होता एकजण, म्हटलं. तर म्हणाले, भेटतो का अजून? मी म्हटलं, येतो मी रोज, पण भेट होत नाही.

लेक : काका...

टेलर : मग म्हणाले, त्याची वाट बघू नका. त्यानं दिलंय ना, ते म्हणत राहा. तेव्हा तू कुलूप उघडलंस.

लेक : त्यांना कळलं असेल, कुणाबद्दल बोलतायत ते?

टेलर : नाही. काही कळलेलं नव्हतं. सगळं पुसलं गेलंय पोरी, तरी शिकवायचं ते शिकवलंच. मी एकोणीस वर्षं त्यांनाच धरून बसलो होतो, आजही सोडवलं त्यांनी. तू सांगतेस तर नाही येणार मी. खरंच.

लेक : आणि घरी जाऊन काय कराल?

टेलर : नाम घेत बसेन. आधी जड जाईल.

लेक : मला तर तेवढंही नाही. मी कुणाजवळ बसू?

(आतून सरांचा आवाज येतो.)

टेलर : बोलावतायत.

लेक : मला?

टेलर : नाव नाही घेत. कुणी आहे का, एवढंच म्हणतायत.

लेक : आहे बाबा. आले.