किडेखाऊंचं औषध

मुरुमच्या दवाखान्यात लिंबाजी नंबराची वाट बघत बसले होते. तीन तऱ्हेच्या गोळ्या खाऊनही त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती. शेजारी एक आजी आणि तिची कॉलेजात शिकणारी नात बोलत होत्या.

"आजी, आमच्या प्रयोगशाळेत वाळवीच्या पाखरांतून जंतू मारणारं औषध शोधायलेत."

"आमी ती भाजून खायचो, तवा गाव आमाला किडेखाऊ म्हणायचं. आता सायब लोक खायलेत व्हय?"

"खात न्हायत, तपासायलेत."

"बरंय. आमाला शिवलं की गाव आंघोळ करायचं. हे किड्यांना हात लावून झाल्यावर करत्यात का?"

लहानपणी अशा लोकांना 'किडेखाऊ' म्हणून चिडवणाऱ्या लिंबाजींनी हळूच विचारलं, "पोरी, ते औषध कधी मिळंल?"

"दहा-बारा वर्षं लागतील, काका."

"तवर पाय सांभाळा, पाव्हणं," आजी म्हणाली. "आन् मिळालं की डोळं मिटून गिळा. आमी कुणाला सांगणार न्हाय."