रोड व्हायच्या आत

माजं नाव सुभद्रा. म्हायेर श्रीगोंद्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं, अन् सासर ही बोरवाडी. आता हिला बोरवाडी म्हनायचं का न्हाई ते तुमीच ठरवा बाई, कारन येशीवरची पाटी काढली, आता नुसता प्रभाग हाय, शहराचा. मी काय शहरात ऱ्हायला आले न्हाई. मी हितंच बसल्याली, शहरच चालत चालत आलं माज्या दारात. पन ते मागनं सांगते, आदी पयलं सांगते, न्हाईतर तुमाला काय उमगायचं न्हाई.

लगीन झालं तवा मी पंधरा-सोळाची आसंल, वय कोन मोजीत हुतं. देवदर्सन झालं अन् दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हनल्या चल, मळ्यात जायचं, पाया पडायला. मला वाटलं आसंल म्हसोबा न्हाईतर साती आसरा. तर मळ्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या वरल्या अंगाला लिंबाखाली दगडं मांडल्याली, शेंदूर न्हाई काय न्हाई, नुसती दगडं. सासूबाई म्हनल्या हे तुजं आजेसासरं, ही आजेसासू, पड पाया. पडले. मंग त्यांनी म्होरल्या मोकळ्या जागंवर हात दावला, म्हनल्या हितं मी अन् तुजा सासरा, अन् त्याच्या खाली तुमी दोगं. काय सांगू तुमाला, मी भोकाडच पसरलं. नवी नवरी, हातावरची हळद उतरली न्हाई, अन् ही बाई मला मरायची जागा दावतीया. आमचे मालक बांधावर उभं राहून हसत हुतं. सासूबाई म्हनल्या रडती कशाला गं, म्हायेरी तुला कुनी दिली आसती का जागा. ते खरंच हुतं, म्हायेरी लेकीला कुठली जागा, मंग मी डोळं पुसलं.

आमच्यात तशी रीतच हाय. गावाला मसनवटा हाय ओढ्याच्या कडंला, पन ज्याला रान हाय तो आपल्या रानातच अग्नी देतो. राख-हाडं नेवाशाकडं प्रवरासंगमाला सोडायची अन् जळलं तितं एक दगड लावायचा. आवसंला निवद ठेवायचा, आखितीला पान्यानं भरल्याली घागर. बाकी काय न्हाई. नांगर आला की बैल आपसूक वळायचं तितनं, त्यांनाबी सवय.

मळा म्हंजी काय लई मोठा न्हवता, पन पानी हुतं. मेथी, कोथमीर, कांदा, उन्हाळ्यात गवार. मालक सायकलीला पाट्या बांधून पहाटंचं शहरात जायचं. शहर तवा लांब हुतं बाई, मदी मोकळं माळरान, सायकल नेताना वारं तोंडावर घ्यायचं. मंग माळावर एक कारखान्याचं शेड आलं, मंग एक धाबा, मंग पलाट पाडलं, चुन्याच्या रेघा मारून. मालक म्हनायचं, बरं झालं, भाजी न्यायला जवळ पडंल. आमाला काय म्हाईत.

सासरा गेला, सासू गेली, सांगितलं तितंच गेली. मंग आमचे मालक गेले. कांद्याला पानी देता देता छातीत कळ आली अन् वाफ्यातच बसलं, हातातलं खोरं सोडलं न्हाई. भास्करनं, माज्या लेकानं, अग्नी दिला. दगड मी निवडला, विहिरीतून निघाल्याला, काळा, जरा चपटा, त्यांना टेकून बसायची खोड हुती म्हनून चपटा. अन् त्याच्या डाव्या अंगाला माज्यापुरती जागा ठेवली. तितं मी कदी कांदा लावला न्हाई, मेथी टाकली न्हाई. खुरपून सपाट ठेवायची. दुपारची भाकर खाऊन तितंच जरा आडवं व्हायचं. सून, मंगल, चिडायची, आत्या तितं काय झोपता, लोक नावं ठेवतील. मी म्हनायची, जागा मऊ हाय का बगती.

तर मंग हद्दवाढ आली. पयलं नुसतं बोलनं, पारावर, की आपलं गाव शहरात घेनार. पोरं खूश. नळाला चोवीस तास पानी येनार, लाइटी येनार, गुंठ्याला भाव येनार. म्हाताऱ्यांनी गिल्ला केला, की घरपट्टी वाढंल, गायरान जाईल, आपली ग्रामपंचायत जाईल. सभा झाली, हात वर केलं, खाली केलं, कागुद गेला वर. त्याचं काय झालं कुनाला म्हाईत, सगळं आदीच ठरल्यालं आसतंय. एक दिवस पंचायतीच्या भिंतीवर रंग मारला अन् सरपंच नुसता मानूस झाला. सकाळी कचऱ्याची गाडी गानं लावून यायला लागली. घरपट्टी आली. नळ बसवलं, पानी मातूर अजून टँकरचंच. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय.

त्याचं मला काय न्हवतं बाई. मला कळलं ते नामाअन्नाच्या वक्ताला. शेजारी आमचे, मालकांच्या बरुबरीचे. त्यांचं रान पानी साफ करायच्या कसल्या टाकीला घेतलं हुतं, नकाशातच तसं हुतं म्हने. भोवती तारा मारल्या, फाटक बसवलं. पन अन्नाच्या मानसांची दगडं तितंच आत ना, बाप हाय, बायकू हाय. अन्ना गेलं तवा पोरांनी नेमानं तिरडी उचलली अन् रानाकडं धरली. मी दारात उभी हुते. वाईच येळानं बगते तर तिरडी माघारी. फाटकाला कुलूप, राखनदार म्हनला चावी साहेबाकडं हाय, अन् चावी असती तरी आत काय जाळू द्यायचो न्हाई. आवो, तिरडी कुनी माघारी फिरवतं का? इसाव्याला खांदा बदलत्यात, तोंड फिरवत्यात, पन माघारी कुनी आनीत न्हाई. माज्या जन्मात मी पयल्यांदा बगितलं. अन्ना आमच्या दारावरनं दोनदा गेलं, एकदा हिकडून, एकदा तिकडून. ओढ्याकडंचा मसनवटा हद्दवाढीत बंदच केल्याला, मंग शववाहिका बोलवून शहरातल्या अमरधामला नेलं. पोरगं त्यांचं गाडीत पाय लटकावून बसलं हुतं, मडकं मांडीवर घेऊन.

त्याच साली आमच्या मळ्यात मोजनीवालं आलं. तीन पायांचं यंतर, रंगाचा डबा. मी घरनं भाकर घिऊन गेले तर मालकांच्या दगडाला लाल फुली. माज्या डोक्यात तिडीकच गेली. म्हनलं आरं, मुडद्यांनो, हात झडले का तुमचं, दिसत न्हाई का. एक साहेब हुता, तरनाच, चांगल्या घरचा वाटला. त्याला उमगलंच न्हाई पयलं. मंग कळलं तवा बूट काढून उभा ऱ्हायला बिचारा. म्हनला, आजी, चुकलं, आमाला वाटलं साधा दगड हाय. मंग नकाशा दावला, मला काय कळतंय, त्यानं बोट फिरवलं, म्हनला हितनं मोठा रोड जातोय, डीपी रोड, लिंब, विहीर, ही दगडं, सगळं रोडात. म्हनलं जरा आंगाला घ्या की, पलीकडनं, हाताभर. तर म्हनला, आजी, रेघ वाकवता येत न्हाई, अन् परत्येकाच्या रानात कुनी ना कुनी हायच. मी म्हनलं कवा हुनार रोड. म्हनला लागतील दोन-तीन वर्सं. म्हनलं बरं, म्हंजी मला दोन-तीन वर्सांत मरायला पायजे.

मी थट्टा न्हवते करीत बाई. जमीन ताब्यात घेतली न्हाई तवर रान आपलं, आपल्या रानात कोन इचारतंय. रोड व्हायच्या आत मी गेले तर भास्कर मला तितंच दील, मालकांच्या डाव्या अंगाला. मंग वरनं रोड करा, न्हाईतर इमान उतरवा, माजं काय म्हननं न्हाई. दोगं संगं असलो म्हंजी झालं. फकस्त आदी मरन यायला पायजे.

भास्करनं हरकत घेतली, अर्ज केला, सुनावनीला गेला. सगळा दिस बसवलं अन् आत नेलं तवा साहेब म्हनला लिहून घेतलंय, जा. भास्करला मी दोष देत न्हाई. तो एकटा कुठं कुठं डोकं आपटनार, त्याची पोरं शिकत्यात. पन घरात मी मरायचं नाव काढलं की त्याचं तोंड उतरायचं, म्हनून मंग बोलायचं सोडलं. मनातल्या मनात म्हनायची. जीव द्यायचा न्हवता हां मला, तसलं पाप मी करनार न्हाई, अन् तसं गेल्यालीला तितं जागाबी देत न्हाईत. आपसूक यावं. मारुतीला जाऊन लोक काय काय मागत्यात, मी हे मागायची. शेजारनी म्हनायच्या, सुभद्राकाकू, गुडगं दुखत्यात तरी रोज पायऱ्या चढता, देव तुमाला शंबर वर्सं दील. म्हनायची, बाई तुज्या तोंडाला आग लागो.

अन् आलं बरं का. पावसाळ्याच्या सरतीला ताप आला, छाती भरली, अन्न जाईना. मला लई बरं वाटलं. श्रीगोंद्यावरनं भाऊ आला, भाच्या आल्या, मंगल तोंडात पानी घालायची. मी तिला म्हनलं लुगडं काढून ठेव, ते जुनं मऊ. भास्करला जवळ बोलवलं, म्हनलं रोडाचं काम चालू झालं का? म्हनला न्हाई आये, अजून कायबी न्हाई. म्हनलं मंग झालं, डोळं मिटले. इतकी शांत झोप मला लगीन झाल्यापसनं लागली नसंल.

डोळं उघाडले तर पांढरी भिंत, नाकात नळी. भास्करनं मला गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात नेलं. शहर जवळ आलंय ना, पाच मिन्टात पोचले. पयल्यासारखं लांब आसतं तर वाटंतच गेले असते. डाक्टर म्हनला, आजी, नशीबवान हाय, येळंवर आनलं. भास्कर पायाशी बसून हमसून हमसून रडला, आये, वाचलीस तू. लेकानं वाचवलं म्हनून आईनं भांडायचं का? त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. पन आतनं मी लई रडले बाई, लई.

दवाखान्यात बरेच दिस गेले. घरी आले तर मंगल मळ्याकडं जाऊ दीना, आत्या अशक्त हाय तुमी, आत्या ऊन हाय. मला वास आलाच. एक दिस ती नळावर गेली तवा काठी टेकत गेले. लिंब न्हवता. विहीर बुजवल्याली. मळ्याच्या मदोमद तांबडी माती उकरून जेसीबी उभा. दगडं तेवडी जागंवर, त्यांच्या भोवतीनं उकरत आल्ता तो. डायवर खाली उतरला, खर्ड्याकडचा गडी, त्यांच्या बोलीतच बोलला. म्हनला, आजी, आमच्याकडं बी असंच आसतंय, मी हात लावला न्हाई, घरचं कुनी येस्तोवर थांबलोय. मुकादम वरडायलाय माज्यावर. तुमी फकस्त सांगा, ही कुठं ठेवू.

कुठं ठेवू. मी बगितलं सगळीकडं. हिकडं सोसायटीची भिंत, तिकडं पलाटाच्या रेघा, इकून झाल्याल्या. वर ओढ्याला नळ टाकल्याला. मागं सगळा रोड. इतकी वर्सं ह्या रानात वाकले बाई, पन मला त्या पोराला बोटानं दावायला हातभर जागा सापडंना. शेवटी म्हनला, बसा आजी तुमी, अन् मला पान्याची बाटली दिली.

घरी आनायचं तर मंगल म्हनली मयताची दगडं घरात ठेवीत न्हाईत, अन् ते बरुबरच हाय तिचं. मारुतीमागं ठेवायला गाव नको म्हनलं. मंग भास्करनं टेम्पो केला अन् प्रवरासंगमाला नेली. मी गेले संगं. एकेक दगड पान्यात सोडला. मालकांचा सोडताना मी म्हनलं आरं थांब, त्यांना पवायला येत न्हवतं. विहिरीवर जन्म गेला पन पवायला शिकले न्हाईत, पान्याला लई भ्यायचे. भास्कर म्हनला आये, आता काय. अन् सोडला.

आता रोड झालाय, तुमी आला त्योच. गुळगुळीत हाय. साहेब म्हनला हुता रेघ वाकत न्हाई, पन म्होरं जाऊन बगा, एका मोठ्या कंपाउंडाला वळसा घालून गेलाय चांगला. कुनाचं कंपाउंड ते मी कशाला सांगू. आवसंला मी निवद नेते, कडंच्या वाकल्याल्या लाइटीच्या खांबापाशी ठेवते. मंगल न चिडता करून देती, पुरनाची पोळी बी देती कदी. गाड्या लई जोरात जात्यात, मदी जाता येत न्हाई. जागा मदी हाय.

भास्कर म्हनतो, आये, अमरधाम चांगलं केलंय, शेड हाय, बाकडी हाय. आसंल. मला आता मरायची घाई न्हाई बाई. तेवडी वर्सं लई घाई हुती, आता काय न्हाई, कवाबी येऊ दे, कुठंबी नेऊ दे.

च्या घ्या, निवला. तुमाला उशीर झाला. जा त्याच रोडनं, त्योच जवळ पडतो. पंपाच्या अलीकडं लाइटीचा खांब वाकलाय, तितं वाईच हळू घ्या गाडी. अन् न्हाई घेतली तरी ऱ्हाऊ द्या, कुनीच घेत न्हाई. सुखी ऱ्हावा.