तारेपलीकडचं मोहोळ

जॉर्जियातल्या गोरी शहराच्या बसथांब्यावर निवृत्त अभियंते तेंगिझ उभे होते. शेजारच्या बाकावर दोन शेजारणी बसल्या होत्या.

“नानुली, टोपलीत काय गं?”

“चीज भरलेल्या खाचापुरी रोट्या. युद्धानंतर रशियनांनी घातलेल्या तारेवर नजर ठेवणाऱ्या युरोपच्या निरीक्षकांसाठी.”

“त्यांना भेटवस्तू घ्यायला बंदी आहे म्हणे.”

“भेट कसली? समोर बसवून खाऊ घालीन. उडालेल्या मोहोळामागे धावत आमचे हे तारेपलीकडे गेले आणि तिकडच्या पहारेकऱ्यांनी धरले. या निरीक्षकांनी पलीकडच्यांना फोनवर फोन केले, तेव्हा काल घरी आले.”

“हातात बंदूक नाही, नुसता फोन. मी हसायचे त्यांना.”

“मीही हसायचे, बाई.”

“आणि मधमाश्या?”

“तिकडंच राहिल्या. त्यांच्यासाठीही एक फोन करा म्हणायला जीभ रेटेना.”

बस आली. तेंगिझांनी आधी ती टोपली उचलून जपून आत ठेवली.