दुपट्यांच्या पिशवीतला पाहुणा

हॅलो?… हो, मीच. बोला जावईबापू, लस झाली का बाळाची?… अजून दोघी मायलेकी दवाखान्यातच? बरं, बरं…

काय म्हणालात?… पिशवी हलतेय? अहो, आम्ही दिलेल्या पिशवीत तुमच्या लेकीची धुतलेली दुपटी आहेत, ती कशाला हलतील?… थांबा हं. अहो! दुपट्यांची पिशवी इथेच खुंटीवर कशी?… मग जावयाला काय दिलंत तुम्ही?… अगं बाई!

हॅलो… जावईबापू, गाडीतच बसलायत ना? घाबरू नका. पिशवीत उंदीर आहे.

हॅलो?… हॅलो?… अहो, पिंजऱ्यात आहे तो! एवढासा. सकाळीच शेंगदाण्याला भुलला. तुमचे सासरे माळावर सोडायला नेणार होते… आता तुम्ही तरी! सासरची पिशवी म्हटलं की आत डोकावूनही बघायचं नाही?

नाही, नाही, तिला अजिबात सांगू नका! 'घरातला उंदीर जाईपर्यंत पोरीला घेऊन पाऊल टाकणार नाही,' असं सुनावलंय तिनं मला. नातीचं तोंड बघायला तरसलेय मी.

विष? छे हो! पोर रांगतेय, दिसेल ते तोंडात घालतेय. आणि तो चिकट पुठ्ठा तर नकोच. एकदा आणला होता ह्यांनी. पिल्लू बिचारं दिवसभर चिरकत होतं आणि शेजारी ह्यांची चप्पल चिकटलेली. तेल चोळून चोळून सोडवलं मी… चप्पल नाही हो, पिल्लू! चप्पल अजून तशीच आहे.

माझ्या सासूबाई बघा, पिंजऱ्यासमोर बसून उंदराला आधी चार शब्द ऐकवायच्या, मग नदीपलीकडे सोडून यायच्या. मलाही तेच शब्द असायचे, फक्त सोडून नाही आल्या कधी.

हो, हो… भोकं बुजवली सगळी. तारेची घासणी कोंबली, वरून सिमेंट… बरं, आता ऐका. हाताला फडकं गुंडाळा. पिंजरा घरांपासून लांब, झुडपांपाशी न्या. दार उघडून बाजूला व्हा. त्याला हात लावायचा नाही, आणि नंतर साबणानं हात धुवायचे. आणि हो, वरची दांडी आत्ता दाबू नका, दाबली की दार…

दाबलीत?

कुठे गेला?… सीटखाली? अहो, मग गाडीची दारं उघडी टाका, जाईल आपला आपण… कोण आलं?… नका, फोन तिला नका देऊ, जावईबापू, फोन…

अगं, बोल गं! कशी आहेस?… ओरडू नकोस, पोर दचकेल… हो, हो… अगं ऐक ना… बरोबर आहे तुझं. उंदीर असेल तिथं पोरीला मुळीच न्यायचं नाही, मी कधी नाही म्हटलं? म्हणून सांगते, त्या गाडीत बसूच नकोस. पोरीला घे, रिक्षा कर आणि सरळ इकडे ये. आमच्याकडे आता एकही उंदीर नाही!

हसतेस काय?… ये लवकर. ठेवते मी, पाळणा पुसायचाय.