बाभूळबनाचा अर्ज

मेहकरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस भगवंतराव टाक पुसत बसले होते. रांगेतल्या, बांधाला बांध असलेल्या इंद्रभान आणि पुंजाजी या दोघांची आपसांत जुंपली, तसे भगवंतरावांनी कान टवकारले.

"इंद्रभान, सरकारले ते बाभूळबन कायले मागून राह्यला बे?"

"लोखंडी नांगर आणला, पुंजाजीदादा. सारं उखडतो अन् कपाशी लावतो. रानडुकरं माही जवारी खातात, आता त्याइचं घरच मोडतो!"

"आता खातात अन् घरी जातात. घरच नसलं त कुठं मुक्काम करतीन?"

"तुह्या तुरीत. तुही तूर मस्त दाट हाय."

"वा रे वा! डुकराइले घरजावई करू काय मी?"

"बरं, नाराज नोको होऊ. दोन एकर झाडोरा ठेवतो त्याइच्यासाठी."

"कोणत्या बाजूनं?"

"तुह्या बांधाले लागून!"

पुंजाजी रांग सोडून तडक भगवंतरावांपुढे येऊन बसला.

"मलेही अर्ज लिवून द्या, रावसाहेब. बाभूळबन हाय तसंच राहू द्या म्हना."

"कारण काय घालू?"

"घाला, इंद्रभानाच्या शेजारापरीस डुकराइचा शेजार बरा. सरकारी भाषेत घाला, पर हेच घाला."