मागच्या सीटवरचे कान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या मोटार कारखान्याचे मालक श्री. भगवंतराव, व्यासपीठावर संकोचून बसलेले आपले सत्कारमूर्ती नत्थुजी मिस्त्री, त्यांच्या पत्नी दुर्गाबाई, कारखान्यातली सगळी मंडळी आणि नत्थुजींच्या भरवशावर रस्त्याला लागणाऱ्या माझ्या अमरावतीकर बंधुभगिनींनो,

भगवंतराव मला म्हणाले, "मोरोपंत, पाच मिनिटं." वकिलाला पाच मिनिटं घसा साफ करायलाच लागतात. तरी प्रयत्न करतो.

नत्थुजी एकवीस वर्षांची नोकरी संपवून उद्या मुलाकडे भिलाईला निघालेत. त्यांच्या हाताचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी केलंच आहे. मी त्यांच्या एका खोडीबद्दल बोलणार. गाडी बिघडली की नत्थुजी चालवणाऱ्याला काही विचारत नाहीत, मागे बसणाऱ्याला विचारतात.

सत्तावन्न साली मी आणि माझी पत्नी कुंदा रिद्धपूरहून परतत होतो. इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा एकदम टोकाला गेला. मी गाडी थांबवली, बॉनेट उघडलं, पाणी ओतलं. काटा ढिम्म. कुंदा मागून म्हणाली, "अहो, खालून काहीतरी रडतंय." मी म्हटलं, "काटा डोळ्यांसमोर आहे, तू मध्ये बोलू नकोस." समोर दिसणारा पुरावा सोडून ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवील तो वकील कसला?

कशीबशी गाडी इथे आणली. नत्थुजींनी रेडिएटरवर तळहात ठेवला. "काई गरम नाई, साहेब. काटाच लबाड बोलून राहिला. त्याची इंजिनातली गरमी मोजनारी घुंडी गेली."

"म्हणजे गाडी ठीक!"

"थांबा. तुमी समोर पाहून राहता, तुमाले काय आयकू येते? बाई, तुमी सांगा. कसं वाजते?"

आणि कुंदाने भर कारखान्यात पदर सावरून तो आवाज काढला! बारीक, चढत जाणारा, शेवटी अडखळणारा. मी शरमेने खाली पाहत होतो. नत्थुजी मात्र डोळे मिटून ऐकत होते.

"कोनत्या गिअरले?"

"तिसऱ्या."

"चढावर?"

"नाही, पेट्रोलवरचा पाय काढला की."

गिअरबॉक्स उघडला. तेल जवळजवळ संपलेलं, बेअरिंग झिजलेलं. आणखी दहा मैल रेटली असती तर दातेच तुटले असते. पुढची पाच वर्षं गाडीचं काहीही दुखलं की हे दोघं आवाजांत बोलायचे आणि मी हातात टोपी घेऊन उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवाही वाटायचा.

गेल्या श्रावणात कुंदा गेली.

दोन महिन्यांनी मी गाडी घेऊन आलो. नत्थुजी दुसऱ्या एका गाडीखाली होते. आमच्या गाडीचा आवाज ओळखून तिथूनच म्हणाले, "बाई, आज कसं वाजते?" मागची सीट रिकामी होती. ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं, हात पुसले, मागचं दार उघडलं आणि स्वतः बसले. "चला साहेब. मी आयकतो."

नांदगाव पेठेपर्यंत गेलो. वाटेत ते म्हणाले, "बाई असं सांगत होत्या," आणि त्यांनी कुंदाचा तो आवाज काढला. तसाच बारीक, तसाच अडखळणारा. आवाज काढून झाल्यावर ती स्वतःच हसायची, ते हसूसुद्धा.

भगवंतराव, आज एक कबुली देतो. त्या दिवशी गाडीला काहीही झालं नव्हतं. त्यानंतर अकरा वेळा आलो, तेव्हाही नव्हतं. नत्थुजींना हे कळत होतं. तरी ते दर वेळी मागे बसले.

घरी कुंदाचे फोटो आहेत. आवाज नाही. मला तो आठवत नाही हो! आठवायला बसलो की माझाच आवाज ऐकू येतो, मध्ये बोलू नकोस म्हणणारा.

नत्थुजी, तुम्ही नातवंडांत रमावं हेच खरं. थांबा म्हणण्याचा मला काय अधिकार? पण म्हणावंसं वाटतं, फार वाटतं.

बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. समारंभात घरचं दुःख काढलं, ते सभेनं पोटात घालावं. दुर्गाबाई, तुमची परवानगी गृहीत धरून एक विनंती करतो. उद्या बडनेरा स्टेशनवर सोडायला मी येणार आहे. नत्थुजी, गाडी अगदी ठणठणीत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरी मागे बसा.