निळ्या माशाचा सोबती

पुरवणी जबाब

मी फकरुद्दीन महताबसाब इनामदार, वय ६३ वर्षे, धंदा : एस.टी.चा निवृत्त चालक, रा. नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. पत्नी पूर्वीच वारली. एकुलती मुलगी मेहनाज शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या पावसाळ्यात ती काविळीने गेली. तेव्हापासून घरात मी आणि तिचे मासे एवढेच आहोत.

हे मासे खाऱ्या पाण्यातले आहेत. मेहनाजने पाच फुटी काचेची टाकी आणली आणि शुद्ध पाण्यात पाकिटातले मीठ कालवून त्यात समुद्र केला. नळदुर्गात समुद्र आणलात, आता बंदर कधी बांधता, असे लोक मला विचारायचे. पण तिचे काम शिस्तीचे होते. दिसायला सुंदर म्हणून तिने कधी मासा घेतला नाही. कोणाचे कोणाशी पटते, कोण कोणाला खाईल, कोण जागेसाठी भांडेल, हे बघून एकेक आणायची. सोयरीक जुळवताना माणसे एवढी चौकशी करत नाहीत. आधी गरीब स्वभावाचे मासे, मग जोकर माशांची जोडी आणि सगळ्यात शेवटी पिवळ्या पाठीचा निळा टँग. हा मासा तापट. शेपटीच्या बुडाशी त्याला धारदार पाते असते आणि स्वतःच्या जातीचा दुसरा त्याला खपत नाही. म्हणून तो एकटाच ठेवायचा, असे तिने मला बजावले होते. तो तिच्या हातून खायचा. ती गेल्यावर माझ्या हातून खाऊ लागला.

माझी बहीण हुसेनबी आजारी पडल्याने मी उमरग्याला गेलो. टाकी शेजारच्या कस्तुराबाईंवर सोपवली. त्यांना मी अक्का म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. मेहनाज त्यांच्याच मांडीवर वाढली. परत आलो तर आमचा टँग तळाशी मरून पडला होता, अंगावर चिरा होत्या, आणि त्याच्याहून थोराड असा दुसरा टँग टाकीत फिरत होता. मेहनाजच्या हातचे घरात जे जिवंत होते, त्यातला तो मला सगळ्यात जवळचा होता. मी डोक्यात राख घालून घेतली आणि कस्तुराबाईंनी जाणूनबुजून माझे नुकसान केले, अशी काल इथे तक्रार दिली. जाणूनबुजून हा शब्द माझा होता, पोलिसांचा नाही.

आज साहेबांनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवले. अक्कांनी काहीच नाकारले नाही. सोलापूरला नोकरी करणारा मुलगा श्रीनाथ याला फोटो पाठवून तसाच मासा त्यांनी मागवला होता. का, असे साहेबांनी विचारले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"जोकरांची जोडी हाय, ह्यो एकलाच काचंला तोंड लावून फिरायचा. अल्याडनं भाऊ बी तसंच, दिवसभर काचंपुढं बसलेलं. म्या रोज बघत हुते, साहेब. भाऊसाठी तर मला काय आणता येईना, मग त्याच्यासाठी आणला."

मेहनाज गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो, तो इथे रडलो. साहेबांनी पाणी दिले.

कस्तुराबाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही. हे मी कोणाच्या दबावाखाली सांगत नाही. नवा मासा माझ्याकडेच राहील. त्याला मारून टाकावे असे काल मनात आले होते, पण तो त्याच्या स्वभावाला धरून वागला.

आणखी एक. खोलीबाहेर जाताना अक्कांनी माझ्या घराची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. मेहनाज बालवाडीत होती तेव्हापासून ही किल्ली त्यांच्याकडे असते. ती त्यांनी परत घ्यावी. हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला पाहिजे, पण माझ्याच्याने बोलवत नाही. त्या अजून बाहेर बाकावर बसल्या आहेत.

वरील जबाब मला वाचून दाखवला. दार उघडे ठेवून जरा मोठ्याने वाचावा, असे मी म्हणालो होतो, तसाच वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.